टेलोमेअर मोजून आतड्याचा कॅन्सर कळतो का?

गुणसूत्राच्या टोकाला टेलोमेअर नावाचे संरक्षक टोपण असते. पेशी विभागली की ते थोडे झिजते. मोठ्या आतड्याचे अस्तर दर काही दिवसांनी नवे होते, त्यामुळे तिथे विभाजन अखंड चालते. टोपण फार आखूड होऊनही पेशी विभागतच राहिली, तर गुणसूत्रे तुटतात, एकमेकांना चिकटतात आणि कॅन्सरला वाट मिळते. पुढे बहुतेक गाठी टेलोमरेज हे एन्झाइम वापरून उरलेले टोपण टिकवतात.

मग रक्तातले टेलोमेअर मोजून तुमचा धोका कळेल? नाही. काही अभ्यासांत आखूड टेलोमेअरचा संबंध दिसला, काहींत लांबचा. ते पैसे वाचवा.

आमच्या अकोला-अमरावतीकडे शौचातून रक्त गेले की मूळव्याध समजून महिनोन्महिने घरगुती औषध चालते. वय कितीही असो, आधी डॉक्टरांकडून गुदमार्ग तपासून घ्या. वजन किंवा हिमोग्लोबिन घटत असेल, तर कोलोनोस्कोपी लांबवू नका.