कमी रनिंगची गाडी

‘डॉक्टर वापर, एकच मालक, रनिंग फक्त २२ हजार.’ जुन्या गाड्यांच्या बाजारात या ओळीइतका भाव दुसऱ्या कशालाच नसतो. उलट टूरिस्ट परमिटवर तीन लाख किलोमीटर पळालेली गाडी म्हटली, की गिऱ्हाईक बॉनेट उघडायच्या आधीच काढता पाय घेतं. डॉक्टरमंडळींबद्दल आदर आहेच. पण ती गाडी सकाळी घरून तीन किलोमीटरवरच्या दवाखान्यात, दुपारी जेवायला परत, संध्याकाळी पुन्हा दवाखाना आणि रात्री घर, अशीच फिरली असेल, तर २२ हजार किलोमीटरमध्ये तिने सात हजारांहून जास्त वेळा स्टार्टर मारलेला असतो. टूरिस्ट गाडी एका स्टार्टला सरासरी पन्नास किलोमीटर जाते असं धरलं, तर तीन लाखांतही तिचे सहा हजारच होतात. त्यातले बरेचसे गरम इंजिनावर, चहा-नाश्त्याच्या थांब्यानंतरचे.

इंजिनाला स्टार्ट का महाग पडतो, याचं उत्तर १८८३ सालच्या एका प्रयोगात आहे. बीचम टॉवर हे ब्रिटिश अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगचा अभ्यास करत होते. तेल सोडायला त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरायला लागला, तर तेल आत जायच्या ऐवजी भोकातून वर उसळून बाहेर. टॉवर यांनी बुचाने भोक बंद केलं, बूच उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर सरकून निघाली. शेवटी तिथे दाबमापक लावला, तेव्हा काटा दर चौरस इंचाला दोनशे पौंडांच्या पार गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार याच्या निम्माही नव्हता! म्हणजे फिरणारा आस तेलाला स्वतःबरोबर अरुंद फटीत ओढून नेतो आणि त्या दाबावर स्वतःच उचलला जातो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये याचं गणित मांडलं. पावसाळ्यात वेगात असलेल्या गाडीचा टायर साचलेल्या पाण्यावर तरंगतो, तेही याच तत्त्वाने.

तुमच्या गाडीचा क्रँकशाफ्ट असाच काही मायक्रॉन जाडीच्या तेलावर तरंगत फिरतो. आपल्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन; त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ थर. तो टिकला तर धातू धातूला शिवतच नाही. पण हा थर वेगातून जन्मतो. गाडी रात्रभर उभी राहिली की तेल ओघळून खाली चेंबरमध्ये जमतं, आणि सकाळी किल्ली फिरवल्यावर पहिले काही क्षण शाफ्ट बेअरिंगवर घासत फिरतो. तेवढ्यापुरतं तेलात मिसळलेल्या जस्त-फॉस्फरसच्या रसायनाने धातूवर धरलेलं साय-पापुद्र्यासारखं आवरणच काय ते आड असतं.

आर्चर्ड या ब्रिटिश संशोधकांनी १९५३ मध्ये झिजेचं साधं सूत्र दिलं: भार जितका जास्त आणि घासण्याचं अंतर जितकं लांब, तितकी झीज जास्त, धातू जितका कठीण, तितकी कमी. अंतर सूत्रात आहे, मग मीटर बघणारं गिऱ्हाईक चुकतं कुठे? त्याच सूत्रात एक गुणांकही आहे, आणि घासणाऱ्या पृष्ठभागांमध्ये तेल कोणत्या अवस्थेत आहे त्यावर तो हजारो पटींनी बदलतो. किलोमीटर दहापट झाले तर हिशोबात एक शून्य वाढतं. तेलाचा थर तुटला तर तीन-चार शून्यं.

पिस्टनच्या रिंगा तर दर फेरीत हा अनुभव घेतात. पिस्टन वर पोचला की क्षणभर थांबतो, वेग शून्य, तेलाचा थर नाही, आणि स्फोटाचा दाब मात्र नेमका तेव्हाच. म्हणून इंजिन खोललं की जुना मिस्त्री आधी सिलिंडरच्या वरच्या भागात आतून नख फिरवतो. रिंगांनी खाऊन तिथे पायरी पडलेली असते. नख अडकलं की रिबोअर ठरलेला.

आता पाणी. पेट्रोलमध्ये कार्बनबरोबर हायड्रोजन असतो, त्यामुळे एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, थोडी रिंगांच्या बगलेतून खाली तेलात उतरते. थंड इंजिनाला पेट्रोलही जास्त लागतं. त्यातलं न जळलेलं सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन तेही खालीच जातं. तासभराच्या प्रवासात तेल इतकं तापतं की हे पाणी आणि पेट्रोल उडून जातं. तीन किलोमीटरमध्ये? पाण्याच्या तापमानाचा काटा जागेवर येईल कदाचित, पण तेल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. मग पाणी आत राहतं, जळणातून आलेल्या आम्लांना हाताशी धरतं, सायलेन्सरही आतून कुजवतं. हिवाळ्यात अशा गाडीचं ऑइलचं झाकण उघडलं तर आत पांढुरका, लोण्यासारखा गाळ चिकटलेला दिसतो. (हेड गॅस्केट गेल्यावरही असाच गाळ दिसतो, म्हणून लगेच डॉक्टरांवर खापर फोडू नये.) त्यावर उपाय म्हणून काही जण सकाळी गाडी दहा मिनिटं जागेवरच चालू ठेवतात. त्याने तेल धड तापत नाही, शेजारी मात्र तापतात. हलक्या पायाने लगेच निघणं केव्हाही बरं.

२०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना हा जाच आणखी आहे. त्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते आणि ती काजळी जाळून टाकायला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. गल्लीतल्या फेऱ्यांत ते गाठलंच जात नाही आणि जाळी तुंबते. रोजचं जाणं-येणं पाच किलोमीटरचं असलेल्या माणसाला डिझेल गाडी विकणं हा माझ्या मते अपराधच आहे.

वापर मोजण्याच्या बाबतीत शेतकरी शहाणा. जुना ट्रॅक्टर घेताना तो किती तास चाललाय हे बघतात, आणि जुन्या ट्रॅक्टरांवरचा तासांचा मीटर तर थेट इंजिनाच्या फेऱ्यांवरच चालायचा. मोटारीला हाच हिशोब लावा: शहरात ताशी वीसच्या सरासरीने एक लाख किलोमीटर म्हणजे इंजिनाचे पाच हजार तास. महामार्गावर साठच्या सरासरीने तेवढ्याच तासांत तीन लाख होतात, आणि क्लच, ब्रेक, गिअर यांना मधल्या काळात जवळपास सुट्टी.

जास्तीत जास्त पळालेल्या गाड्यांची गोष्ट याच अंगाने वाचायला हवी. न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवर राहणारे विज्ञान शिक्षक अर्व गॉर्डन यांनी १९६६ मध्ये लाल रंगाची व्होल्वो पी-१८०० घेतली. २०१३ मध्ये अलास्कात तिने तीस लाख मैल पुरे केले. २०१८ मध्ये गॉर्डन वारले, तोवर आकडा ३२ लाख मैलांवर, म्हणजे ५० लाख किलोमीटरच्या वर गेला होता. इंजिन पहिल्यांदा खोललं ते ६,८०,००० मैलांनंतर. इंजिन बीडाचं, १.८ लिटरचं, क्रँकशाफ्टला पाच ठिकाणी आधार. म्हणजे शाफ्ट कमी वाकतो आणि तेलाचा तो थर सलग राहतो. त्या इंजिनाचं कौतुक सगळे करतात. गॉर्डन यांची नोकरी घरापासून लांब होती आणि रोजचं जाणं-येणं सव्वाशे मैलांचं होतं, हे मात्र ओघात सांगितलं जातं. वेळेवर तेल बदलायची शिस्त आणि रोजचा लांब पल्ला. याच माणसाची शाळा घराच्या कोपऱ्यावर असती, तर त्या गाडीचं नाव आपल्या कानावर आलं नसतं.

ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीच्या ग्रेगोरिओस साखिनिदिस यांची १९७६ ची मर्सिडीज २४०-डी ही टॅक्सी ४६ लाख किलोमीटर धावून २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयात गेली. पण तिथे इंजिनं आलटून पालटून बसवलेली होती. एक गाडीत, दुसरं दुरुस्तीला. हा विक्रम गाडीइतकाच मालकाचाही. आणि अशा गोष्टींत नेहमीची एक गोम असते: त्याच कारखान्यातून त्याच वर्षी निघून पाच वर्षांत भंगारात गेलेल्या गाड्यांची मुलाखत कुणी घेत नाही.

किलोमीटर बाजूला ठेवले तरी काळ आपलं काम करतोच. रबर उभ्या गाडीतही उष्णतेने आणि हवेतल्या ओझोनने कडक होतं, तडकतं. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात; २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत असली तरी हे आकडे बघावेत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-३ प्रकारचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. मुरलेल्या पाण्यासह हीच किमान मर्यादा १४० वर येते. कोकणातल्या दमट हवेत चार वर्षं झाकून ठेवलेली गाडी आंबा घाट उतरताना हा फरक ऐन वळणावर कळवते.

सरकार काळच मोजतं. मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली, ती वीस वर्षांची मुदत भरली म्हणून. इंजिनात किती जीव उरला होता हा प्रश्न नियमात नाही. प्रदूषणाचा विचार करता नियम समजण्यासारखा आहे, पण झिजेचं मोजमाप तोही नाही.

ते मोजमाप रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फार पूर्वीपासून होतं. लोकोमोटिव्हच्या तेलाचा नमुना घेऊन त्यात कोणत्या धातूचे किती कण आहेत, हे वर्णपटावरून तपासतात. प्रमाण दहा लाख भागांत काही भाग, इतकं सूक्ष्म. लोखंड वाढलं तर सिलिंडर किंवा रिंगा. तांबं, शिसं वाढलं तर बेअरिंग. मोटारीच्या तेलालाही हीच तपासणी चालते, फक्त आपल्याकडे गिऱ्हाईक ती मागत नाही. आणि सिलिकॉन वाढलेलं दिसलं तर इंजिन खोलायची घाई करू नये. ते बहुधा रस्त्यावरच्या धुळीतल्या वाळूचं असतं, लोखंडालाही ओरखडणाऱ्या क्वार्ट्झचं. आधी एअर फिल्टरचा डबा उघडावा आणि त्याच्या क्लिपा नीट बसल्यात का ते बघावं.