तंत्रथरारकथा

तंत्रथरारकथा हा थरारकथेचा एक उपप्रकार आहे. यातील संकट शस्त्रास्त्रे, संगणक, जैवतंत्रज्ञान यांसारख्या प्रत्यक्षातील किंवा नजीकच्या काळात शक्य वाटणाऱ्या तंत्रज्ञानाशी निगडित असते आणि त्या तंत्रज्ञानाच्या कार्यपद्धतीवर कथानक उभे राहते. मायकेल क्रायटन यांची 'द अँड्रोमेडा स्ट्रेन' (१९६९) आणि टॉम क्लॅन्सी यांची 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर' (१९८४) या कादंबऱ्या या प्रकाराची प्रमुख उदाहरणे मानल्या जातात.

उत्कंठेची रचना

रहस्यकथेत सहसा गुन्हा आधी घडतो आणि नंतर गुन्हेगाराचा शोध घेतला जातो. थरारकथेत संकट पुढे असते व ते टळेल का, हा मुख्य प्रश्न असतो. त्यासाठी शेवट दडवून ठेवावाच लागतो असे नाही. फ्रेडरिक फोर्साइथ यांच्या 'द डे ऑफ द जॅकल' (१९७१) या थरारकादंबरीत एक भाडोत्री मारेकरी १९६३ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांच्या हत्येची तयारी करतो. द गॉल यांचे निधन १९७० मध्ये नैसर्गिक कारणाने झाले, त्यामुळे कट फसणार हे उघड असते. तरीही बनावट पारपत्र, खास घडवून घेतलेली रायफल आणि वेषांतर अशी एकेक पायरी पार पडताना मारेकरी लक्ष्याच्या किती जवळ पोहोचेल, याची उत्कंठा टिकून राहते. पुढे पोलीस अधिकारी क्लोद लबेल यांचा तपास सुरू होतो आणि कथा पाठलागाचे रूप घेते.

तांत्रिक तपशिलाचे कार्य

तांत्रिक माहिती वाचकाला संकटापूर्वीच मिळाली, तर ऐन प्रसंगी स्पष्टीकरणासाठी कथेला थांबावे लागत नाही. 'द अँड्रोमेडा स्ट्रेन'मधील भूमिगत प्रयोगशाळेत जंतुसंसर्ग बाहेर पसरू नये म्हणून स्वयंविनाशासाठी अण्वस्त्र बसवलेले असते. हा सूक्ष्मजीव ऊर्जेवर वाढतो, हे लक्षात येताच सुरक्षेची हीच व्यवस्था सर्वांत मोठा धोका ठरते. तंत्रज्ञानावरील विश्वास आणि त्यातून उद्भवणारा धोका यांतील हा विरोध या साहित्यप्रकाराच्या केंद्रस्थानी आहे.

सत्याभास आणि जबाबदारी

तपशील अचूक असल्यास कथा विश्वसनीय होते, पण त्याचा गैरवापरही होऊ शकतो. मृत बालकाच्या जन्मदाखल्यावर पारपत्र मिळवण्याची फोर्साइथ यांनी वर्णिलेली पद्धत त्या काळी ब्रिटनमध्ये प्रत्यक्षात शक्य होती. पुढे तेथे अशा फसवणुकीला त्यांच्या कादंबरीचेच नाव मिळाले. याउलट, अण्वस्त्राच्या निर्मितीचे वर्णन असलेल्या 'द सम ऑफ ऑल फिअर्स' (१९९१) या कादंबरीत क्लॅन्सी यांनी काही तांत्रिक तपशील हेतुपुरस्सर बदलले व तसे पुस्तकाच्या अखेरीस नमूद केले. या बदलांमुळे कथेचा परिणाम उणावत नाही. पात्रांच्या कृती आणि त्यांचे परिणाम परस्परांशी सुसंगत असतील, तर तंत्राची संपूर्ण कृती न देताही सत्याभास साधतो.