सकाळच्या पहिल्या स्टार्टचा आवाज

दीड-दोन लाख किलोमीटर धावलेली गाडी सकाळी सुरू करताना खडखडते आणि दोन सेकंदांत शांत होते. रात्रभरात ऑइल खाली उतरलेले असते. ते पुन्हा वर पोचेपर्यंत टॅपेट कोरडे वाजतात, टायमिंग चेनचा टेन्शनर ढिला राहतो. ऑइल फिल्टरमध्ये ऑइल परत उतरू न देणारी रबरी झडप असते. ती कडक झाली तरी हेच होते. म्हणून आधी डिपस्टिक पाहा, मग कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल आणि चांगला फिल्टर घाला. हे करण्याआधी थेट इंजिन उघडणे मला चुकीचे वाटते.

तरीही खडखड रोज लांबत गेली, तर चेन तपासून घ्या. चेन घसरली तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. चिरका आवाज बहुधा बेल्टचा असतो. टिकटिक इंजिन तापल्यावर थांबली, तर एक्झॉस्टच्या जोडातली गळतीही शोधा.

मेकॅनिककडे गाडी आदल्या रात्रीच ठेवा, तापलेल्या इंजिनात हा आवाज सापडत नाही. आणि खोल ठकठकीसोबत ऑइलचा लाल दिवा पेटलेला राहिला, तर इंजिन तत्काळ बंद करा. गाडी टो करूनच न्या.