कामावरच्या माणसाचा अभ्यास

संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परीक्षानळ्या आणि सूक्ष्मदर्शक येतात. माणसं कामाच्या ठिकाणी कशी वागतात, साहेबाचं केव्हा ऐकतात आणि केव्हा नुसतं ऐकल्यासारखं करतात, कुठला नियम पाळतात, कुठला वाकवतात, हाही संशोधनाचा विषय असतो, हे मला एम.ए.ला जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. संघटनात्मक वर्तन असं त्याचं नाव. नाव जड आहे, विषय मात्र रोजचा. जव्हार-मोखाड्याकडची मुलं-मुली हल्ली मला विचारतात, की यात शिरायचं कसं? उत्तरादाखल मी माझी पहिली फजिती सांगते.

तेव्हा हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली, आणि त्यानंतर या भागात योजना आल्या, अधिकारी आले, पाहणी पथकं आली. माझा प्रश्न असा होता, की या सगळ्याचं ओझं जिच्या डोक्यावर येतं ती अंगणवाडी सेविका आपल्या कामात समाधानी आहे का? इंग्रजी पुस्तकातली चाळीस प्रश्नांची प्रश्नावली मी मराठीत उतरवली, प्रत्येक प्रश्नापुढे एक ते पाच आकडे छापले आणि जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या एसटीत बसले.

तीन आठवड्यांनी गठ्ठा उघडला, तर जवळजवळ प्रत्येकीने पाचावर खूण केलेली. पगार कसा? पाच. वरिष्ठांचं सहकार्य? पाच. एका ताईंनी तर मला विचारलंच होतं, "मॅडम, कुठल्या नंबरवर टिक केली म्हणजे तुमचं काम होईल?" मी रडवेली होऊन मार्गदर्शकांकडे गेले. ते म्हणाले, "कागद फुकट गेलेले नाहीत. त्या पाच का म्हणतात, ते शोध."

कारण शोधायला फार खोल जावं लागलं नाही. बाहेरून छापील कागद घेऊन येणारा माणूस त्यांच्या अनुभवात तपासणीलाच आलेला असतो. तपासणीत जे उत्तर द्यायचं, तेच त्यांनी मला दिलं. मग मी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि एका पाड्यावरच्या अंगणवाडीत नुसती बसू लागले. खिचडी निवडली, मुलांची नाकं पुसली, जमेल तेव्हा वहीत टिपलं.

तिथे मला पेन्सिल दिसली. ताई मुलांना काट्याला लावायच्या, आकडा आधी एका सुट्या वहीत पेन्सिलीने लिहायच्या आणि संध्याकाळी नोंदवहीत शाईने चढवायच्या. बहुतेक आकडे जसेच्या तसे चढत. एखादा मात्र तीन-चारशे ग्रॅमनी वाढून चढे. महिन्याभराने, माझी भीड चेपल्यावर, मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "खरं लिहिलं तर पोर तीव्र कुपोषितात जातं. मग त्याला दवाखान्यात ठेवायचं. आई म्हणते, नाचणीची लावणी कोण करील, धाकट्याला कोण बघील? ती जात नाही, आणि सगळे मला विचारतात, पोर का नाही पाठवलं?"

ताई खोटारड्या नव्हत्या. त्या पाड्यात त्यांच्याइतकं मुलांसाठी झिजणारं दुसरं कोणी नव्हतं. पण खरा आकडा लिहिण्याची किंमत त्यांनी मोजायची, आणि तो आकडा बदलण्याची साधनं त्यांच्या हातात नाहीत, अशी कामाची मांडणी होती. मायकेल लिप्स्की या अमेरिकन अभ्यासकाने १९८० मध्ये हेच मांडलं होतं, की सरकारचं धोरण लोकांपर्यंत पोहोचतं ते शिक्षक, पोलीस, समाजसेवक यांच्या रोजच्या निर्णयांतून. काम अफाट आणि साधनं तोकडी असली, की ही माणसं आपापल्या पळवाटा काढतात. पुस्तक मी आधी वाचलं होतं. कळलं पेन्सिलीमुळे.

आता पंचाईत माझी. ताईंचं नाव कुठेही सांगणार नाही, असा शब्द दिलेला. आणि शाईच्या आकड्याखाली एक खरं पोर. वरिष्ठांना सांगितलं तर ताईंची नोकरी जाते, नाही सांगितलं तर पोराचं काय? शेवटी ताई आणि मी मिळून त्या घरी गेलो, एकदा नव्हे, चारदा. आजीने धाकट्याला सांभाळायचं कबूल केलं तेव्हा आई निघाली. हे संशोधन नव्हे, असं मला नंतर एका परिसंवादात सुनावण्यात आलं. असेल.

ज्यांना या विषयात यायचं आहे, त्यांनी कारखानाच हवा असं समजू नये. या शास्त्राचा पाया अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात घातला गेला, असं पुस्तकं सांगतात. आपल्या जवळचं उदाहरण अहमदाबादचं. तिथल्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले, पण उत्पादन अपेक्षेइतकं वाढेना. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी सुचवलं, की एकेका कामगाराला कामाचा एकेक तुकडा देण्याऐवजी काही मागांची पूर्ण जबाबदारी एका गटावर सोपवा. कामगारांनी आपले जोडीदार स्वतः निवडले आणि उत्पादन सुधारलं. आणि अगदी घरचं उदाहरण हवं, तर ताराबाई मोडकांचं. डहाणू तालुक्यात, बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी शाळाच पाड्यातल्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. माणूस संस्थेत बसत नसेल तर संस्था बदलून पाहायची, हा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झाला.

पदवीचं म्हणाल, तर मानसशास्त्र, समाजशास्त्र, समाजकार्य, वाणिज्य, कुठूनही येता येतं. पुढे नेट परीक्षा, तीत कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पोटापाण्याची काळजी मिटते. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, आयआयटीचा व्यवस्थापन विभाग, आयआयएम ही पीएच.डी.ची ठिकाणं. पण अर्जाबरोबर संशोधनाचा विषय मागतात, आणि तिथे मुलं अडखळतात. माझा सल्ला एवढाच, की अर्जाआधी एका कामाच्या ठिकाणी, एसटीचं आगार असो, आश्रमशाळा असो, बचत गट असो, परवानगी काढून महिनाभर बसा. रोज रात्री टिपण लिहा. प्रश्न लहान ठेवा. 'सेविकांचं समाधान' हा फार मोठा प्रश्न होता. 'आकडा आधी पेन्सिलीने का लिहितात' हा पुरेसा होता.

मध्यंतरी मी त्या पाड्यावर पुन्हा गेले. २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' आलं, नोंदी मोबाइलवर गेल्या. रेंज टेकाडावर चढल्याशिवाय येत नाही, म्हणून ताई वजनं अजून आधी वहीतच लिहितात. दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्ट्यांवर भिवंडी-वसईकडे जातो. त्या मुलांचं मोबाइलमध्ये काय होतं, हे मी विचारलं तेव्हा ताई नुसत्या हसल्या. तो विषय मी घेतलेला नाही. तिथल्याच एखाद्या मुलाने किंवा मुलीने घ्यावा. मला वारली बोलीसाठी दुभाषी लागला होता, त्यांना लागणार नाही.