भ्रमणध्वनीचे मनोरे आणि इंटरनेट कंपन्या

दूरध्वनी ही सेवा शासनाने, किंवा शासनाच्या नियंत्रणाखाली मोजक्या कंपन्यांनी चालवावयाची, अशी समजूत जगात बहुतेक ठिकाणी दीर्घकाळ रूढ होती. तार टाकणे, मनोरे उभारणे, ग्राहकाला जोडणी देणे आणि बिल आकारणे हे या कंपन्यांचे काम. त्या तारेवरून वा लहरीवरून कोण काय बोलतो, याच्याशी त्यांचा संबंध नसे. इंटरनेटच्या प्रसारानंतर या क्षेत्रात नव्या प्रकारच्या संस्था अवतरल्या. कोणी माहिती शोधून देऊ लागले, कोणी पत्रव्यवहाराची सोय केली, तर कोणी घरबसल्या खरेदीची. यांपैकी कोणाकडेही स्वतःचा एक मनोरा नव्हता. आज मात्र याच कंपन्या भ्रमणध्वनीच्या जाळ्यात भागीदार, भाडेकरू आणि काही ठिकाणी मालकही झाल्या आहेत. हा बदल कसा घडला व त्यातून सामान्य ग्राहकाच्या पदरी काय पडले, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

जाळ्याची ओढ कशासाठी?

इंटरनेट कंपनीचे उत्पन्न जाहिरातींवर किंवा खरेदी-विक्रीवर अवलंबून असते. ग्राहक जितका अधिक वेळ जाळ्यावर राहील, तितके ते वाढते. परंतु ग्राहक आणि कंपनी यांच्यामध्ये दूरध्वनी कंपनी उभी असते. तिचे दर चढे असले तर ग्राहक हात आखडता घेतो. तिचा मनोरा गावापर्यंत पोहोचला नसेल तर त्या गावातील ग्राहक कधी मिळतच नाही. म्हणून मधला हा टप्पा आपल्या हाती असावा, निदान तो स्वस्त आणि विस्तृत व्हावा, असे इंटरनेट कंपन्यांना वाटू लागले.

त्यासाठी जगात प्रामुख्याने तीन मार्ग अनुसरले गेले. पहिला मार्ग जाळे भाड्याने घेण्याचा. अमेरिकेत गुगल कंपनीने एप्रिल २०१५ मध्ये ‘प्रोजेक्ट फाय’ ही सेवा सुरू केली. तिच्यासाठी गुगलने मनोरे उभारले नाहीत. स्प्रिंट आणि टी-मोबाईल या दोन कंपन्यांची जाळी घाऊक दराने घेऊन ती आपल्या नावाने ग्राहकांना पुरविली. दुसरा मार्ग चालू जाळे विकत घेण्याचा. जपानमधील सॉफ्टबँक ही मुळात संगणकाच्या आज्ञावलींचे वितरण करणारी कंपनी. पुढे ती इंटरनेटच्या व्यवसायात आली आणि २००६ मध्ये तिने व्होडाफोनचा जपानमधील संपूर्ण व्यवसाय खरेदी केला. तिसरा मार्ग स्वतः जाळे बांधण्याचा. तो सर्वांत खडतर होय. त्याचे ठळक उदाहरणही जपाननेच घालून दिले आहे.

राकुतेनचे धाडस

राकुतेन ही कंपनी १९९७ मध्ये इंटरनेटवरील बाजारपेठ म्हणून सुरू झाली. प्रारंभी तिच्या बाजारात अवघी १३ दुकाने होती. कालांतराने तिने पतपत्र, बँक, रोखे-व्यवहार असा पसारा वाढविला. या सर्व सेवांना तिने एका सूत्रात गुंफले. एका ठिकाणी खरेदी केल्यास गुण मिळतात व ते दुसऱ्या ठिकाणी पैशाप्रमाणे वापरता येतात. भ्रमणध्वनीचा ग्राहक मिळाला तर तो आपल्या बाजारातही अधिक खरेदी करील, हा कंपनीचा हिशेब होता.

राकुतेनने २०१४ मध्ये एनटीटी डोकोमो या कंपनीचे जाळे भाड्याने घेऊन सेवा आरंभिली. त्या वेळी जपानची बाजारपेठ डोकोमो, केडीडीआय व सॉफ्टबँक या तीन कंपन्यांच्या हाती होती आणि दर चढे असल्याची तक्रार होती. ऑगस्ट २०१८ मध्ये तत्कालीन मुख्य मंत्रिमंडळ सचिव योशिहिदे सुगा यांनी हे दर सुमारे ४० टक्क्यांनी कमी होण्यास वाव आहे, असे जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शासनाने राकुतेनला १.७ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरी देऊन चौथी कंपनी म्हणून मान्यता दिली होती.

राकुतेनच्या जाळ्याची रचना वेगळी होती. संभाषणे जोडणारी व माहितीचे वहन करणारी यंत्रसामग्री मोजक्या उत्पादकांकडून घ्यावी, अशी जुन्या कंपन्यांची रीत होती. राकुतेनने यांपैकी बरीचशी कामे सर्वसाधारण संगणकांवर चालणाऱ्या आज्ञावलींकडे सोपविली. त्यामुळे यंत्रांचा खर्च घटतो आणि सुधारणा करावयाची झाल्यास प्रत्येक यंत्र न बदलता आज्ञावली बदलून भागते. ही योजना राबविणारे तंत्रप्रमुख तारेक अमीन यांनी त्यापूर्वी भारतात रिलायन्स जिओच्या उभारणीत काम केले होते.

आज्ञावली आणि मनोरे

तथापि आज्ञावली कितीही कुशल असली तरी तिला मनोऱ्याची जागा घेता येत नाही. मनोऱ्यासाठी जागा लागते, मालकाची संमती लागते, वीज लागते आणि तेथपर्यंत तंतूची वाहिनी न्यावी लागते. ही कामे संगणकाच्या गतीने होत नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वांसाठी सेवा सुरू करण्याचा संकल्प होता. परंतु मनोऱ्यांचे काम मागे पडले आणि शासनाने कंपनीला गती वाढविण्याची ताकीद दिली. अखेर ८ एप्रिल २०२० रोजी पूर्ण सेवा सुरू झाली. महिन्याचा दर २,९८० येन ठेवण्यात आला आणि पहिल्या ३० लाख ग्राहकांना एक वर्ष सेवा विनामूल्य देण्यात आली. जेथे स्वतःचे मनोरे नव्हते तेथे केडीडीआयच्या जाळ्याचा आधार घेण्यात आला व त्याचे शुल्क राकुतेनला भरावे लागले.

दुसरी अडचण लहरींची होती. कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर जातात व भिंतींतून अधिक सहजपणे आत शिरतात. अधिक वारंवारतेच्या लहरी लवकर क्षीण होतात. जुन्या कंपन्यांकडे कमी वारंवारतेचे पट्टे होते, राकुतेनकडे नव्हते. त्यामुळे इमारतींच्या आत आणि तळघरांत तिची सेवा दुबळी पडे. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळाला आणि जून २०२४ मध्ये त्यावर सेवा सुरू झाली. तत्पूर्वी मे २०२३ मध्ये केडीडीआयशी नवा करार करून उसन्या जाळ्याची व्याप्ती तिला पुन्हा वाढवावी लागली होती.

या उभारणीचा खर्च सुरुवातीस सुमारे ६०० अब्ज येन धरण्यात आला होता. प्रत्यक्षात तो त्यापलीकडे गेला. २०२१ मध्ये महिन्याला १ गिगाबाइटपेक्षा कमी वापर करणाऱ्यांना शून्य येन दर लावण्यात आला. ग्राहक वाढले, पण उत्पन्न वाढेना. २०२२ मध्ये हा शून्य दर बंद करण्याची घोषणा झाली आणि काही काळ ग्राहकसंख्या घटली. त्या वर्षी राकुतेन समूहाचा तोटा सुमारे ३७३ अब्ज येनपर्यंत पोहोचला. एप्रिल २०२३ मध्ये समूहाने आपल्या बँकेचे समभाग बाजारात आणून पैसा उभा केला. एवढे सोसल्यानंतर २०२४ च्या अखेरीस भ्रमणध्वनीच्या ग्राहकांची संख्या ८० लाखांवर गेली.

लाभ कोणाला झाला?

कंपनीच्या ताळेबंदावरून पाहता हा प्रयोग फार महाग पडला. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र चित्र निराळे आहे. सुगा सप्टेंबर २०२० मध्ये पंतप्रधान झाले व दरकपातीचा आग्रह त्यांनी पुढे चालविला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डोकोमोने २० गिगाबाइटसाठी २,९८० येनचा नवा दर जाहीर केला. इतर दोन कंपन्यांनीही तशाच योजना आणल्या. ज्यांनी राकुतेनची सेवा कधी घेतली नाही, अशा कुटुंबांनाही स्वस्त दराचा पर्याय मिळाला. नव्या स्पर्धकाचे आगमन आणि शासनाचा आग्रह या दोहोंचा हा एकत्रित परिणाम म्हणावा लागेल.

भारताचा अनुभव

भारतात इंटरनेट कंपन्यांनी स्वतः मनोरे न उभारता भागीदारीवर भर दिला. फेसबुकने फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने ठराविक संकेतस्थळे विनाशुल्क देणारी योजना आणली. तिचा आरंभ ज्या राज्यांत झाला, त्यांत महाराष्ट्रही होता. वरकरणी ही सोय गरिबांसाठी होती. परंतु कोणती संकेतस्थळे फुकट असावीत, हे कंपनीने ठरवावे काय, असा प्रश्न उपस्थित झाला. रस्ता सर्वांना खुला असावा, अमुक दुकानाकडे जाणाऱ्यास पथकर माफ आणि तमुक दुकानाकडे जाणाऱ्यास लागू असा भेद नसावा, हे तत्त्व स्वीकारून भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार भिन्न दर आकारण्यास मनाई केली. त्यानंतर ती योजना भारतातून मागे घेण्यात आली.

गुगलने रेल्वेच्या रेलटेल कंपनीसह स्थानकांवर विनामूल्य इंटरनेट देण्याचा उपक्रम हाती घेतला. जानेवारी २०१६ मध्ये त्याची सुरुवात मुंबई सेंट्रल स्थानकापासून झाली आणि पुढे ४०० स्थानके त्याखाली आली. दरम्यान भ्रमणध्वनीवरील इंटरनेट भारतात कमालीचे स्वस्त झाले. ते कारण देऊन गुगलने २०२० मध्ये या उपक्रमातून अंग काढून घेतले. रेलटेलने आपली सेवा चालू ठेवली. त्याच वर्षी जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये आणि गुगलने ३३,७३७ कोटी रुपये गुंतविले. जी दारे स्वतंत्रपणे उघडली नाहीत, ती या मार्गाने उघडली गेली.

शासन आणि पंचायतींची भूमिका

या सर्व घटनांतून एक गोष्ट स्पष्ट होते. इंटरनेट कंपनी भांडवल आणू शकते, नवे तंत्र आणू शकते, दरही खाली आणू शकते. परंतु आपला हिशेब बदलला की ती योजना आवरतीही घेते. शून्य दर गेला, स्थानकांवरील उपक्रम थांबला. म्हणून ज्या सेवेवर शाळा, दवाखाने व शासकीय कामकाज अवलंबून आहे, तिचा पाया एखाद्या कंपनीच्या मर्जीवर राहणे इष्ट नव्हे. लहरींचे वाटप, एका कंपनीच्या ग्राहकास दुसरीच्या जाळ्याचा वापर, सर्व मजकुरास समान वागणूक आणि ग्राहकाच्या खाजगी माहितीचे रक्षण या बाबी सार्वजनिक नियमांनीच ठरावयास हव्यात. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू पोहोचविण्याची योजना केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केली व ती पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे महत्त्वही यातच आहे.

गावपातळीवर या नियमांना अर्थ प्राप्त होतो तो प्रत्यक्ष कामातून. मनोऱ्यासाठी जागेचा प्रश्न येतो तेव्हा तो निर्णय अफवेवर न घेता माहितीच्या आधारे व मुदतीत घेणे, तंतू टाकण्यासाठी खोदलेला रस्ता पूर्ववत करून घेणे आणि पंचायतीत पोहोचलेली जोडणी शाळेच्या व आरोग्य केंद्राच्या उपयोगी पडते की नाही हे पाहणे, ही कामे पंचायत सदस्य व अधिकारीच करू शकतात. ‘फुकट’ या शब्दामागील अटी वाचण्याची सवय शिक्षक विद्यार्थ्यांना लावू शकतात. मनोरा कोणाच्याही मालकीचा असो, त्याच्या लहरी शेवटच्या वस्तीपर्यंत पोहोचाव्यात व तेथील माणसाला त्या परवडाव्यात, हीच या व्यवस्थेची खरी कसोटी होय.