चांद्याचा परकोट: तट आणि बांध

समुद्रकाठच्या नगरांत लाटा थोपविणाऱ्या भिंतीवरच लोकांची सायंकाळची फेरी चालते. समुद्रापासून दूर असलेल्या चांद्यास, म्हणजे सांप्रतच्या चंद्रपुरास, हे दुहेरी कार्य गोंड राजांच्या परकोटाकडून लाभले आहे.

खांडक्या बल्लाळशहाने आरंभिलेला व धुंड्या रामशहाने पुरा केलेला, अशी परंपरा असलेला हा कोट सुमारे ११ किलोमीटर घेराचा आहे. पश्चिमेस इरई, पूर्वेस झरपट. दोहींचा संगम दक्षिणेस, पठाणपुरा दरवाजापलीकडे. इरई फुगली म्हणजे झरपटीचे पाणी तुंबून गावाकडे चढते. त्या समयी शत्रूसाठी रचलेली भिंत पाण्यासही अडविते. चार दरवाजे व पाच खिडक्या एवढीच द्वारे असल्याने पहारा व पूर दोहोंची चिंता मर्यादित राहिली. २० मे १८१८ रोजी इंग्रजी फौजेने तट फोडून शहर घेतले. कोटाचे लष्करी प्रयोजन तेथे सरले, जलरक्षणाचे सरले नाही.

२०१७ साली इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी झाडोरा काढल्यावर तटावरून फिरणे सुकर झाले. एका बाजूस वस्ती व दुसरीकडे नदीची सखल भूमी एकाच दृष्टीत आली म्हणजे बांधाचा अर्थ नकाशावाचून उमगतो.

संग्राहक मित्रांस आमची विनंती अशी की, जुन्या दप्तरांत कोटाच्या डागडुजीचा उल्लेख आढळल्यास वर्षासोबत महिनाही टिपावा. शांततेच्या वर्षी ज्येष्ठात केलेला खर्च पाण्यासाठी असण्याचा संभव अधिक. तटाचा चिरा हलविणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे की, पुराणवस्तूबरोबर गावचा बांधही हलतो.