हाताचें माप आणि दागिन्याचें माप

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" अशी आपल्या भाषेंत म्हण आहे. कांकण हातांत आहे कीं नाहीं हें पाहण्यास आरसा लागत नाहीं, हें खरें. परंतु तें हातास नीट बसतें कीं नाहीं, हें पाहण्याची तसदी पुष्कळ घरांत कोणीच घेत नाहीं. दागिना करावयाचा ठरला म्हणजे वजन किती, भाव काय, घडणावळ किती, नक्षी कोणती, याची चर्चा चार दिवस चालते. आणि सोनारानें माप विचारलें म्हणजे "थोरलीच्या हाताचें असेल तेंच धरा" एवढ्यावर काम उरकतें. तो दागिना पुढें वीस-पंचवीस वर्षें जिनें वागवावयाचा, तिचा हात या सर्व चर्चेंत कोठेंच नसतो. म्हणून या विषयाचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

आपल्या जुन्या कवींचें या गोष्टीकडे लक्ष होतें. 'मेघदूता'च्या आरंभींच विरहानें कृश झालेल्या यक्षाच्या हातांतून सोन्याचें वलय गळून पडल्याचें कालिदासानें वर्णिलें आहे. 'शाकुंतला'ची कथा तर एका गळून पडलेल्या अंगठीवरच उभी आहे. दुष्यंताची मुद्रिका शकुंतलेच्या बोटांत आली आणि शचीतीर्थाच्या उदकास वंदन करतांना ती पाण्यांत पडली. पुरुषाच्या बोटाची अंगठी कोवळ्या मुलीच्या बोटांत टिकावी कशी, असें एखादा चौकस विद्यार्थी वर्गांत विचारी. आणि दुर्वासाचा शाप क्षणभर बाजूस ठेवला, तर ती शंका अगदीं रास्त आहे.

आतां प्रत्यक्ष मापाकडे वळूं. पहिली गोष्ट ही कीं, बांगडी, पाटली किंवा गोठ यांचें माप मनगटाचें नव्हे, पंजाचें असतें. मनगट बारीक असलें तरी बांगडीस आधीं पंजाच्या हाडांवरून उतरावें लागतें. यासाठीं बांगडी भरतांना धरतों तसा हात धरावा. चारी बोटें जुळवून आंगठा तळहाताकडे करंगळीच्या बुडाशीं न्यावा, आणि पंजाच्या सर्वांत रुंद भागाभोंवतीं कागदाची अरुंद पट्टी, न आवळतां व सैल न सोडतां, गुंडाळावी. जेथें टोंक भेटेल तेथें खूण करून पट्टी मोजपट्टीवर धरावी.

कासाराच्या व सोनाराच्या दुकानांत मापें 'दोन-चार', 'दोन-सहा' अशीं सांगतात. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि इंचाचे सोळा भाग केल्यास त्यांतील चार. अर्थात् आंतला व्यास सव्वादोन इंच. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं आणि रुपयाचे सोळा आणे मागें पडले, परंतु बांगडीच्या मापांतला सोळावा हिस्सा अजून नांदत आहे. व्यासावरून परीघ काढला असतां एक सोयीचा हिशेब हातीं लागतो. पट्टीची लांबी सुमारें १७ सेंटिमीटर भरली तर माप दोन-दोन, १८ भरली तर दोन-चार, १९ भरली तर दोन-सहा आणि २० भरली तर दोन-आठ, म्हणजे अडीच. प्रत्येक पायरीस परीघ सुमारें एक सेंटिमीटर वाढतो, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे.

कांचेची बांगडी कुशल कासार पंजा हळूहळू दाबून एक पायरी लहानही चढवितो. ती नको झाली तर वाढवितां येते. सोन्याच्या पाटलीचें तसें नाहीं. ती रोज काढावयाची असेल तर पट्टीचें जें माप निघेल तेंच घ्यावें, आणि पाटली रुंद असेल तर एक पायरी मोठें. कांहीं मंडळी सोनें वाचविण्यासाठीं माप लहान करतात. त्यांनीं हिशेब करून पाहावा. तेवढ्याच जाडीची २० ग्रॅमची पाटली दोन-चाराऐवजीं दोन-सहा केली तर सोनें सुमारें एक ग्रॅम अधिक लागतें. एवढ्यासाठीं जन्मभर साबण लावून हात सोलून घ्यावा काय? अतिसैल दागिनाही तितकाच वाईट. तो धुण्याच्या पाण्यांत नकळत जातो किंवा स्वयंपाकघरांतील यंत्रांत अडकतो.

फाशाच्या किंवा मळसूत्राच्या दागिन्यास मात्र मनगटाचेंच माप घ्यावें आणि त्यांत एक ते दीड सेंटिमीटर मिळवावा. आंतून एक बोट सहज फिरलें पाहिजे. दंडांतील वाकीचें माप कोंपर दुमडून घ्यावें, कारण हात वांकवितांच दंड फुगतो. सरळ हातावर बेतलेली वाकी मूल उचलतांना रुतते.

अंगठीस दोन मापें लागतात, एक बोटाच्या बुडाचें व दुसरें पेराच्या सांध्याचें. सांध्यावरून किंचित् जोर लावून उतरेल आणि बुडाशीं गरगर फिरणार नाहीं, ती अंगठी बरोबर. माप सकाळच्या थंडींत घेऊं नये. थंडीनें बोटें आकसतात, उष्म्यानें व श्रमानें फुगतात. संध्याकाळीं, हात स्वाभाविक उबदार असतांना घ्यावें. ज्या हातानें काम अधिक, त्याचीं बोटें बहुधा किंचित् जाड असतात. म्हणून ज्या हाताची अंगठी त्याच हाताचें माप.

शरीर बदलतें आणि सोनें बदलत नाहीं, ही यांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत हातपाय सुजतात; तेव्हां अंगठ्या व जोडवीं आधींच काढून ठेवावीं. वार्धक्यांत संधिवातानें सांधे जाड होतात आणि तरुणपणीं सहज निघणारी पाटली हातांत अडकून पडते. आमच्या नात्यांतील एका वृद्ध बाईंना शस्त्रक्रियेसाठीं नेलें असतां पाटल्या निघेनात. अखेर त्या तेथेंच कापाव्या लागल्या. सासूबाईंनीं घातलेल्या त्या पाटल्यांचे तुकडे ओंजळींत घेऊन त्या बराच वेळ नुसत्या बसून होत्या. दुखण्यापेक्षां त्यांना तेंच अधिक लागलें. दहा वर्षें आधीं त्यांस मळसूत्र बसविलें असतें तर हा प्रसंग टळता.

हातास मार लागला किंवा गांधीलमाशी चावली, तर सूज चढण्यापूर्वीं अंगठी काढावी. ती अडकलीच तर बारीक दोऱ्याचें एक टोंक अंगठीखालून घालावें, उरलेला दोरा अंगठीपासून सांध्यापलीकडेपर्यंत घट्ट व जवळजवळ गुंडाळावा, आणि मग खालचें टोंक धरून उलगडीत जावें. दोऱ्याबरोबर अंगठीही सरकते. बोट निळें किंवा बधिर होऊं लागलें तर मात्र हे प्रयोग न करतां रुग्णालय गांठावें. कापलेली अंगठी पुन्हां जोडतां येते.

लहान मुलांच्या मनगट्या व वाळे दर महिन्यास पाहावे. कातडीवर लाल वळ दिसला तर दागिना लगेच उतरवावा. त्यांत सुटे मणी असतील तर ते तोंडांत जाण्याचें भय निराळेंच.

राहिला प्रश्न वडिलोपार्जित दागिन्यांचा. सासूच्या पाटल्या सुनेस देण्याची चाल सुंदर आहे. परंतु पाटली सासूच्या हाताची आणि हात सुनेचा, हें विसरूं नये. भरीव पाटली कापून त्याच कसाचा तुकडा घालून मोठी करतां येते. पोकळ, लाखेनें भरलेल्या किंवा मिन्याच्या दागिन्यास आंच सोसत नाहीं. त्याबद्दल सोनाराचा सल्ला आधीं घ्यावा. आंतील बाजूस हॉलमार्कचा शिक्का असेल तर कापतांना तो राखण्यास सांगावें. काम देण्यापूर्वीं व नंतर वजन करून घ्यावें.

नव्या सुनेस "हात घट्ट होतो" असें म्हणावयास संकोच वाटतो. ती साबण लावून दागिना चढविते आणि मुकाट्यानें सोसते. वडील मंडळींनीं आपण होऊन विचारावें, तिला बरोबर घेऊन सोनाराकडे जावें आणि माप तिच्याच हाताचें द्यावें. स्त्रीधन तिचें, तर मापही तिचेंच असावें.